बरणीतलं कुंकू

दसऱ्याची सुट्टी संपवून आलेल्या हेमांगीनं प्रयोगशाळेतली बरणी उजेडात धरली. आतल्या इवल्या रोपाला बुरशी लागली होती आणि बुरशीतून कुंकवाचा ठिपका डोकावत होता. फळीवरच्या सगळ्याच बरण्यांची तीच गत.

"मीच लावलं, मॅडम," झाडलोटीला नव्यानंच लागलेल्या इंदूमावशी म्हणाल्या. "सगळ्या यंत्रांची पूजा झाली. म्हटलं, तुमचा जीव ज्यांच्यात अडकलाय, त्यांनाच कसं वगळायचं? हात स्वच्छ धुतले होते हो."

हवेतले जंतू शिरू नयेत म्हणून या बरण्या बाहेर उघडायच्याच नसतात, हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याच्या बियांपासून डिझेल करायचं, तो मोगली एरंड बाहेर कुंपणाला कुठंही रुजायचा. एकाच चांगल्या झाडाची हजारो रोपं करायला बरणीत वाढवला, की मात्र वर्षानुवर्षं मूळ धरत नव्हता. दिवाळीपर्यंत एक तरी रोप कुंडीत दाखवा, नाहीतर काम बंद, असं संचालकांनी बजावलं होतं.

बुरशी खोलीभर पसरू नये म्हणून अशी बरणी न उघडताच वाफेवर उकळून टाकायची; आतलं रोप तसंही वाचत नाही. हेमांगी एकेक बरणी मोठ्या कुकरमध्ये ठेवत गेली. शेवटच्या बरणीपाशी तिचा हात थबकला. बुरशीच्या खाली, काचेला टेकून, एक पांढरंशुभ्र मूळ उतरलं होतं.

मावशींनीही वाकून पाहिलं. "अगंबाई, मूळ फुटलं की! देव पावला, मॅडम!"

"पावला हो, मावशी," हेमांगी म्हणाली. बरणी आत ठेवून तिनं कुकरचं झाकण आवळलं.