गंजाची चव

निइमी तोक्कानने चहा सुर्रकन ओढला, मनगटाने ओठ पुसले आणि तेच ओलं मनगट पुढ्यातल्या तलवारीच्या मुठीवर टेकवलं. शी! समोर बसलेल्या ओसेनने नाक मुरडलं.

"बाई, तलवारीवरचं लोहाराचं नाव खोटं आहे हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "तरी दया येते म्हणून लोखंडाच्या भावात विकत घेतोय."

दया म्हणे! याच पारख्याने तिच्या नवऱ्याची वडिलोपार्जित तलवार भर दरबारात नकली ठरवली होती. धन्याला खोटी तलवार नजर केली म्हणून चाकरी गेली, तलवार घरी परत आली, आणि नवऱ्याने त्या अपमानाने जे अंथरूण धरलं ते शेवटपर्यंत सोडलंच नाही. बापाच्या नावावरचा तो डाग गेल्याशिवाय मुलाला, सेइजूला, किल्ल्यात कुणी उभं करणार नव्हतं.

अशा घरातली तलवार विकायची तर किल्ल्याचा माणूस हजर लागतो. म्हणून कारभारी साकाकीही कोपऱ्यात बसले होते.

"पातं बघता ना?" ओसेनने विचारलं.

"ते पाहिलंय मी तेव्हाच. राहू दे म्यानात. मूठ तेवढी काढा."

तिने बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ ओढून घेतली. आत दडलेलं पात्याचं बूड उघडं पडलं. काळपट गंज, त्यावर कोरलेलं जुन्या नामांकित लोहाराचं नाव, कानेत्सुरा. हा गंज कुणी कधी पुसत नाही. तलवारीचं वय त्यावरूनच ठरतं.

श्वासाचा ओलावा लोखंडाला लागू नये म्हणून जाणती माणसं तलवार पाहताना ओठांत कागद धरतात. या गलिच्छ माणसाने बूड चक्क चाटलं. मिटक्या मारल्या. मग पुन्हा चाटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अहो, हे काय!" साकाकींनी तोंड फिरवलं.

"जुना गंज आणि बनावट गंज, चवीत फरक असतो. माझी जीभ कधी चुकली नाही, कारभारीसाहेब."

"मग काय म्हणते तुमची जीभ?"

"नाव खोटंच!"

"खोटंच ना? मग ते घरात कशाला हवं?" ओसेनने बाहीतून कानस काढली. खोटं नाव घासून टाकायची रीतच आहे, त्याला कुणी वावगं म्हणणार नव्हतं. तिने पहिल्याच अक्षरावर कानस ओढली. खर्रर्र.

"थांबा! डोकं फिरलंय का तुमचं?" तोक्कान झेपावला.

खर्रर्र.

"अहो, खरी आहे ती! अस्सल कानेत्सुरा! थांबवा कुणीतरी या बाईला!"

कानस थांबली. आपण काय बोलून बसलो ते तोक्कानला तेव्हा कळलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग दरबारात काय बरळला होतास रे?" साकाकी ताडकन उठले. "वहिनी, उद्या सेइजूला किल्ल्यावर पाठवा. धन्याला मी स्वतः सांगतो. पण हे काय करून बसलात? बापाची इज्जत आली आणि घराण्याची तलवार गेली!"

"ती कुठे जातेय? देवळात जपून ठेवलीय," ओसेन म्हणाली. "ही मागच्या गल्लीतल्या विळे करणाऱ्या लोहाराची. गंज काही केल्या धरेना, म्हणून वर्षभर आमच्या संडासाच्या खड्ड्यात बुडवून ठेवली होती."