परतीची खोली

पेट्रोल पंपावरच्या मुलीने मान हलवली. मुक्कामाची एकही खोली शिल्लक नव्हती. शनिवारी घोड्यांच्या शर्यती होत्या आणि आसपासच्या अडीचशे किलोमीटरांतली माणसं आधीच येऊन ठेपली होती. मागच्या अंगणातसुद्धा लोकांनी वळकट्या पसरल्या होत्या. क्लेम हॅडलीने घड्याळ पाहिलं. चार वाजत आले होते. पावणेसहाला सूर्य मावळणार, आणि मग रस्त्यावर कांगारू गाडीला आडवे येणार.

“आधी फोन करून ठेवायचा ना,” मुलगी म्हणाली.

खरंच होतं तिचं. क्लेमने याच कच्च्या रस्त्यावर तीस वर्षं रस्ता सपाट करणारा ग्रेडर चालवला होता. फोन न करता इथे निघू नये, हे तोच इतरांना सांगत आलेला. यावेळी आठवडाभर तो फोनपाशी जायचा आणि परत फिरायचा. फोनवर नुसतं नाव सांगून भागत नाही. किती जण, किती दिवस, परत कधी, सगळं विचारतात.

मर्ल गाडीतच बसली होती, मांडीवर बिस्किटांचा डबा घेऊन. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. जागा नाही म्हटल्यावर ती म्हणाली, बरं, मग पुढे जाऊ. तिने कशाचीच तक्रार केली नाही, हे क्लेमला जास्त लागलं. आपण समुद्र बघायला चाललोय, असं त्याने तिला सांगितलं होतं.

पोर्ट ऑगस्टाला समुद्र होता, तेवढं खरं. पण तिथे स्मृती गेलेल्या माणसांना सांभाळणारी एक संस्थाही होती आणि तिथली एक खाट सोमवारपासून मर्लची होणार होती. एप्रिलमध्ये तो शेजाऱ्याचा पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेला असताना मर्ल घरातून निघून गेली होती. सहा तासांनी ती एका झुडपाखाली सापडली, अनवाणी. तिने त्याला त्याच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. नंतर दोन दिवस ती अगदी आधीसारखी होती, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही एकटे हे करू शकणार नाही. क्लेमने मान डोलावली. आपण इतक्या लवकर मान डोलावली, हे तो त्यानंतर विसरू शकला नव्हता.

पुढे एकशेदहा किलोमीटरवर नेरिडाचा मेंढवाडा होता. लोकर कातरायला येणाऱ्या माणसांच्या जुन्या खोल्या ती वाटसरूंना द्यायची. दरवर्षी समुद्राकडे जाताना ही दोघं तिथेच थांबत. पण त्याही या आठवड्यात भरलेल्याच असणार. नसेल जागा, तर गाडीतच झोपायचं, आणि अंधारात मर्ल घाबरते.

ऊन डोळ्यांवर येत होतं. मर्लला थंडी वाजायला लागली. तिने मागच्या पेटीतून स्वेटर ओढून काढला आणि त्याची कॉलर उलटी करून बघत राहिली. संस्थेने कळवलं होतं की प्रत्येक कपड्यावर नाव हवं. क्लेमने दोन रात्री बसून काळ्या शाईने तिचं नाव लिहिलं होतं.

“हे माझं नाव कुणी लिहिलं?” तिने विचारलं. “अक्षर तुझं दिसतंय.”

“हरवू नये म्हणून,” तो म्हणाला. “बाहेरगावी कपडे हरवतात.”

“हो,” मर्ल म्हणाली. “हरवतात खरे.” आणि तिने स्वेटर घातला.

थोडं पुढे गेल्यावर टायर बघतो म्हणून तो उतरला. टायर ठीक होते. गाडीच्या मागे डिकीवर दोन्ही हात टेकून तो उभा राहिला. इथूनच परत फिरावं, असं त्याला वाटलं. मग एप्रिलमधले तिचे तळवे आठवले. तो गाडीत येऊन बसला. मर्लने पाण्याची बाटली त्याच्यापुढे धरली.

मेंढवाडा आला तेव्हा उजेड जेमतेम होता. अंगणात पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. मर्ल व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि कुत्रे तिच्याभोवती जमले. क्लेम टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेला. नेरिडा ओट्याशी बटाटे सोलत होती. त्याने एका दमात सांगायला सुरुवात केली, की चूक त्याचीच आहे, फोन करायला हवा होता, जमिनीवर गादी मिळाली तरी चालेल, फक्त मर्लला छप्पर हवं.

“कोपऱ्यातली खोली तुमचीच आहे,” नेरिडा म्हणाली. “मेपासून राखून ठेवलीय. कुणाला दिलीच नाही.”

क्लेम म्हणाला की काहीतरी घोटाळा होतोय, त्याने तर फोन केला नव्हता.

“तुम्ही नाही केलात. मर्लने केला होता.” नेरिडाने चाकू खाली ठेवला. “मला विचारलंत तर त्या दिवशी ती अगदी भानावर होती. म्हणाली, जायची तारीख क्लेम मला सांगायचा नाही, त्याला वाटतं मला काही कळलेलं नाही, आणि तसंच वाटू दे. तुम्हाला काही सांगायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. पण तुमचा चेहरा बघून मला राहवलं नाही.”

बाहेर मर्ल कुत्र्यांशी काहीतरी बोलत होती. क्लेमने दाराची चौकट धरली.

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाली, जाताना आम्ही दोघं असू. येताना तो एकटाच असेल, तेव्हा त्याला एकट्याला जेवायला बसवू नकोस.”