भिंतीपलीकडची वीज

भिवाजीने मीटरच्या फळीवर तळहात ठेवला आणि भिंतीकडे बघून मान हलवली. फळी आजही गरम होती. भिंतीपलीकडे चुलतभाऊ पदूचं घर होतं. भिवाजीला एवढा पुरावा पुरेसा होता.

पदू भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये हंगामी मदतनीस होता आणि सोमवारी त्याला कायम करणार होते. दिवसभर विजेच्या संगतीत राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी तिच्याशिवाय करमत नसणार, असं भिवाजीचं मत होतं. पदू भिंतीत तार घालून वीज ओढतो, अशी तक्रार त्याने लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. उद्या सकाळच्या एसटीने ती खालापूरच्या विजेच्या ऑफिसात जाणार होती. मग पदू कायमचा घरीच.

गणपतीपासून रोज तिन्हीसांजेला फ्यूज जायचा. भिवाजी त्यात नवी बारीक तार घालायचा, ती दुसऱ्या दिवशी जळायची. शेवटी त्याने गवताच्या गाठी बांधायची तार आणली, बायकोकडून ती वेणीसारखी तिपेडी विणून घेतली आणि फ्यूजमध्ये बसवली. फ्यूज जायचा थांबला. भिवाजीला वाटलं, चोर दमला. मग फळी तापायला लागली, आणि त्याच्या ध्यानात आलं की चोर दमलेला नाही, आपण त्याला रस्ता रुंद करून दिलाय.

तेव्हापासून तो रोज दिवा आणि रेडिओ बंद करून तासभर अंधारात फळीवर हात ठेवून बसायचा. त्या तासात त्याची बायको अंबाबाई पुढे फिरकायचीसुद्धा नाही.

आज त्याने पदूला पुरावा दाखवायला बोलावून घेतलं. पदू कामावरून नुकताच आला होता, कंदील घेऊनच आला. त्याने फळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

“दादा, आत काय घातलंस?”

“तार.”

“कसली?”

“न जळणारी.”

पदूने कपाळाला हात लावला. मग त्याने समजावून सांगितलं, की फ्यूजची तार जळावी म्हणूनच बारीक असते. वीज जास्त ओढली गेली की ती आधी जळते, म्हणून घर वाचतं. ती जळेनाशी झाली की बाकीचं सगळं तापत जातं, आणि एखाद्या दिवशी फळीसकट घर पेटतं.

भिवाजीने सगळं नीट ऐकून घेतलं. जळणारी वस्तू मुद्दाम घरात ठेवा, असं सांगणारा माणूस तो पहिल्यांदाच बघत होता. त्याचा संशय पक्का झाला. त्याने पदूच्या हातातला कंदील घेऊन मीटरसमोर धरला. काचेमागे चकती गरगर फिरत होती.

“माझ्या घरात काय चालू नाय. मग ही कुणासाठी नाचते?”

“माझ्याकडं अजून लाईनच आली नाय रं दादा. तुझ्या हातात काय हाय ते बघ.”

भिवाजीने कंदिलाकडे बघितलं. ही चाल त्याने लगेच ओळखली.

“मग साठवतोस कुठं?”

पदूला हसू आलं नाही. सोमवारच्या कागदावर अजून साहेबाची सही व्हायची होती, आणि विजेच्या चोरीचा नुसता बोभाटा झाला तरी ती होणार नव्हती. त्याने हात जोडले. म्हणाला, हवी तर भिंत खणून बघ, मी स्वतः पहार आणून देतो, पण खालापूरला जाऊ नकोस. भिवाजी म्हणाला, कुठं खणायचं ते तुला बरं ठाऊक.

तेवढ्यात चकती थांबली.

“बघ,” भिवाजी म्हणाला. “पकडला गेलास तशी थांबली.”

मागच्या दारातून अंबाबाई आली. एका हाताने वाफाळत्या पाण्याची बादली ओढत होती, दुसऱ्या हातात पाणी तापवायची विजेची कांडी होती. कांडीची वायर मागून फरपटत येत होती. तिने बादली नवऱ्यासमोर ठेवली, त्याच्या खिशातला तक्रारीचा कागद काढला, त्याची चौघडी करून जमिनीवर ठेवली आणि गरम कांडी त्यावर टेकवली.

“भावजी नाय, मी वडत होते,” ती म्हणाली. “मागल्या पडवीतला बल्ब काढून ही लावायचे. तुमी पुढं फळीला हात लावून बसायचात, तवर माझं पाणी तापायचं.”

“कुणी दिली?”

“नेरळच्या भावानं, गणपतीला. गुडघं शेकायला.”

“मग तवाच बोलायचं होतं.”

“बोलले असते तर तुमी इचारलं असतं, गुडघं खरंच दुखतात काय.”

 भिवाजीने ते विचारलंच असतं. पदूने मधल्या वेळात फ्यूज उपसून काढला होता. तारेची वेणी काळी पडली होती. ती खिशात घालून, कंदील भिवाजीकडेच ठेवून तो घरी गेला.

अंबाबाई पाटावर बसली आणि तिने लुगडं गुडघ्यांच्या वर घेतलं. भिवाजीने कंदील जवळ आणला. एक गुडघा बघितला. मग दुसरा.

“दोन्ही?”

“दोनी.”

त्याने तांब्या बुडवला आणि डाव्या गुडघ्यावर सावकाश पाणी सोडलं. ते पिंढरीवरून, घोट्यावरून खाली सारवलेल्या जमिनीवर उतरलं. कुठे जातंय, ते तो शेवटपर्यंत बघत राहिला.