डावीकडे न वळणारी जॉयस्टिक

जिंकला दादाच. पण ते सोडा, धाकट्या भावाला विचाराल तर तसं काही घडलंच नाही.

लहानपणी घरच्या कॉम्प्युटरवर दादा रोज जिंकायचा, आई त्याचंच कौतुक करायची आणि धाकटा तोंड फुगवून म्हणायचा, "माझी जॉयस्टिक डावीकडे वळतच नाही." याच जळफळाटातून त्याने पुढे जुन्या जॉयस्टिक दुरुस्त करण्याचं दुकान थाटलं. काल त्याने तीच जॉयस्टिक माळ्यावरून काढली, झिजलेली पत्ती आणि स्प्रिंग बदलली, आणि दादाला मुद्दाम खेळायला बोलावलं.

खेळ संपल्यावर दादा म्हणाला, "डावीकडे छान वळते रे आता."

दादाची पाठ वळताच धाकट्याने स्वतःच्याच दुकानात रीतसर अर्ज केला:


"सदर जॉयस्टिक पूर्ववत नादुरुस्त करून मिळावी, ही नम्र विनंती."