कोण कोणावर गेलंय?

"आता बबडीची पाळी!" धाकटा ओरडला.

संग्रहालयात पोरांची खरी झुंबड सांगाड्यांपाशी नव्हती, या भिंतीपाशी होती. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कोण कोणावर गेलंय?' खाली आरसा. आरशात बघून जिभेची नळी करायची. जमली तर लाल चकती लावायची, नाही जमली तर निळी. बाबांना जमली. धाकट्याला जमली. आत्याची तर अशी झाली की शेजारचे लोकही बघायला लागले. "आमच्या घराण्याची जीभ आहे म्हटलं," ती म्हणाली.

बबडीनं जीभ बाहेर काढली, गाल ओढले, डोळे वटारले. जीभ आपली सपाटच. पुन्हा केलं. हनुवटीवर लाळ ओघळली.

"एकटी निळी! एकटी निळी!" धाकटा नाचायला लागला.

बबडी चार महिन्यांची असताना अनाथालयातून या घरात आली होती. ही दोन पोरं सोडली तर घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

"एकटी कशी?" आई घाईनं पुढे झाली. तिनं आरशात तोंड वेडंवाकडं केलं. "मला तरी कुठं जमतंय? माझ्यावर गेलीय माझी लेक."

बबडीचा चेहरा उजळला. तिनं दोन निळ्या चकत्या उचलल्या आणि अगदी खेटून लावल्या.

"काहीतरीच काय, वहिनी!" आत्या खळखळून हसली. "नवी नवरी होतीस तेव्हा नळी करून आम्हाला हसवायचीस की!"

"अगं, जाऊ दे ना," बाबा पुटपुटले.

"का जाऊ दे? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

बबडी आईकडे बघत होती. "आई, वाक."

आई वाकली.

"आ कर."

आईनं आ केला. जीभ खाली दाबून सपाट धरली.

बबडीनं दोन बोटं आत घातली आणि जिभेच्या कडा चिमटीत धरून दाबल्या. जीभ मऊ होती. लगेच वळली.

अशी तर कुणाचीही वळते, हे आईला सांगायचं होतं. पण तोंडात बोटं होती.

बबडीनं बोटं काढली आणि फ्रॉकला पुसली. मग पुन्हा पुसली.