आधी कोण उठणार?

"पाय थरथरायला लागले की उठा, उगाच ताणू नका!" व्यायामाच्या बाईंनी बजावलं. भिंतीला पाठ टेकून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारख्या बसलेल्या बायका एकेक करून हुश्श करत उठल्या. दोघी सोडून.

थोरलीचे पाय कधीचे थरथरत होते. तिने समोरच्या आरशात पाहिलं. भिंतीच्या त्या टोकाला तिची धाकटी जाऊ बसली होती, मख्ख चेहऱ्याने, बसची वाट बघत असल्यासारखी. ही उठल्याशिवाय मी उठणार नाही, थोरलीने दातओठ खात ठरवलं. शेवटी बाईंनीच टाळ्या वाजवून दोघींना उठवलं.

"जावा आहात की पैलवान?"

सगळा वर्ग हसला. धाकटीही हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

तसं पाहिलं तर भांडण एका ताटाचं होतं. खाली गाद्या-उशांचं दुकान, त्यावर घर आणि सगळ्यात वर सासूबाईंची खोली. पडल्यापासून सासूबाई जिना उतरत नव्हत्या. त्यांचं जेवणाचं ताट वर न्यायचं ते थोरलीनेच. ताट ठेवायचं, घटकाभर टेकायचं आणि मनातलं सगळं त्यांच्यापुढे ओतून मोकळं व्हायचं. दिवसभर उशांचे अभ्रे शिवून पाठीचा काटा ढिला झालेल्या थोरलीचं तेवढंच एक सुख होतं.

मग धाकटी लग्न होऊन आली. "ताई, तुम्ही मशीन सोडून कशाला उठता? मी नेते ना," म्हणत तिने ताट हातातून काढून घेतलं ते घेतलंच. वर सासूबाईंचं कौतुक सुरू झालं, "धाकटी कशी भुर्रकन येते! थोरलीची आधी धाप यायची, मग ताट यायचं." सासूबाई थट्टेने म्हणाल्या, पण थोरलीच्या ते जिव्हारी लागलं. इतकी वर्षं खस्ता खाल्ल्या आपण, आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

म्हणून तिने व्यायामाचा वर्ग लावला. धाप गेली की ताट परत घ्यायचं, असा साधा बेत होता. तर धाकटी लगेच, "ताई, मीही येते." हिला माझं तेवढंही बघवत नाही, थोरलीने मनात नोंदवलं.

धाप गेली. पण गुडघा आला. मशीनचं पायडल दाबताना आत बारीक कळ यायची आणि जिन्यावर तर विचारायलाच नको. तिने घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर ताट कायमचं गेलं असतं. बाजारात जाते म्हणून निघाली आणि डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"चढताना जास्त दुखतं की उतरताना?" त्यांनी गुडघा वाकवत विचारलं.

"उतरताना. चढताना कशी तरी चढते, उतरताना जीव जातो."

"व्यायामानंतर मांडी दुखली तर दोन-तीन दिवसांत थांबते, त्याची काळजी नको. तुमचं दुखतंय गुडघ्याच्या वाटीमागे. मांडी दमली तरी तुम्ही तशाच बसून राहता, मग सगळा ताण गुडघ्यावर येतो. व्यायाम सोडू नका, पण कमी वाका आणि थोडंच बसा. दमल्यावर उठत का नाही तुम्ही?"

थोरलीने पैसे चुकते केले. बाजारात गेल्याचा पुरावा म्हणून तिने वाटेत जुडीभर मेथी घेतली.

घरी आली तेव्हा सासूबाईंचं ताट वर गेलेलं होतं आणि धाकटीही वरच होती. हल्ली हे रोजचंच झालं होतं. पूर्वी गेली तशी परत यायची, आता वर जाऊन ठिय्या देऊन बसायची. एवढं काय बोलतात दोघी? माझ्याबद्दलच असणार. थोरली मत्सराने नुसती धुमसत जिना चढली. दार लोटलेलं होतं. आत कुजबुज चालली होती.

"ताईंना मात्र..." धाकटीचे एवढेच शब्द तिच्या कानावर पडले. बस, चोर सापडला. तिने दार ढकललं.

धाकटी जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी होती आणि ती सासूबाईंनी दाबून धरली होती.

"...यातलं काही सांगू नका," धाकटीचं वाक्य कसंबसं पुरं झालं आणि तिचा चेहरा पडला.

"बरी आलीस," सासूबाई थोरलीला म्हणाल्या. "तूच समजाव हिला. वर येते वाऱ्यासारखी आणि उतरायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. दुखतं तर वर्गात भिंतीपासून लवकर ऊठ म्हटलं, तर म्हणते, ताई बसल्या असताना मी कशी उठू?"

"मग काय करू?" धाकटी एकदम उसळली. "या घरात आल्यापासून एकच ऐकतेय. शिवण थोरलीची, चव थोरलीची, काही अडलं की थोरलीला विचार. एका भिंतीपाशी तरी ताईंच्या आधी हरायचं नव्हतं मला."

 थोरलीने पलंगाचा कठडा धरला आणि "आई गं" करत खाली टेकली. तिने हळूच पाय पसरला.

"सरक जरा. ती पिशवी अर्धी इकडे घे."

धाकटीने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे. सासूबाईंना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्यांनी रिकामं ताट दोघींच्या मधे सरकवलं.

"आता हे खाली कोण नेणार?"

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने थोरलीकडे.

"ने ना," थोरली म्हणाली. "तूच नेतेस रोज."

"छे छे, ताई," धाकटीने पिशवी घट्ट धरली. "हा मान पहिल्यापासून तुमचा."