दार उघडू नकोस

"दार उघडू नकोस," तिने फोनवर बजावलं. "एकदा उघडलंस की आजवरचं सगळं पाण्यात."

पलीकडे धाकटी मुसमुसत होती आणि तिच्या मागे तिची तान्ही मुलगी टाहो फोडत होती. धाकटी म्हणजे काही सख्खी बहीण नव्हे. ऑफिसात सगळ्यांत शेवटी रुजू झालेली, म्हणून सगळ्यांची धाकटी. सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. नवरा जहाजावर, माहेर लांब, घरात मायलेकी दोघीच.

"ताई, घसा बसलाय हो तिचा."

"बसेल आणि सुटेल. काळीज घट्ट कर. मी नाही केलं?"

केलं होतं, यात शंका नाही. मोबाइलवर एक बाई रोज सांगायच्या, बाळाला जागं असतानाच पाळण्यात ठेवा, दार लावून घ्या, रडलं तरी आत जाऊ नका, आपलं आपण झोपायला शिकतं. बाईंचा आवाज मधाळ होता, मागे पांढरेशुभ्र पडदे होते, आणि लाखभर आया त्यांचं ऐकत होत्या. त्या कोण, कुठल्या, त्यांना स्वतःला मूलबाळ होतं की नाही, हे विचारायचं तिला कधी सुचलं नाही. चार पोरं वाढवलेल्या सासूबाई घरातच होत्या. पहिल्या दुपारी तिचा मुलगा दाराआड रडत असताना त्यांनी एवढंच विचारलं होतं, "घेऊ का गं त्याला जरा?" त्यावर "आई, तुमचा काळ वेगळा होता," असं तिने सुनावलं. सासूबाई मुकाट्याने आपल्या खोलीत निघून गेल्या.

आणि काय नवल, मुलगा शहाणा झाला. दुपारी दार लावून ती बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. तो थोडा वेळ रडायचा आणि गप्प व्हायचा. तेव्हापासून तिचा भाव वधारला. नव्या आयांच्या ग्रुपवर सगळ्या तिला 'हेडमास्तरीण' म्हणू लागल्या. कुणी कच खाल्ली की ती दटावायची. 'प्रॉब्लेम बाळात नसतो, आईत असतो' हे वाक्य तर तिचं स्वतःचं होतं आणि तिला ते फार आवडायचं. धाकटीलाही तिने ते ऐकवलं होतं. धाकटी बिचारी "हो ताई" म्हणाली होती.

फोन ठेवून ती हात धुवायला उठली. बाहेरचं बेसिन तुंबलं होतं, म्हणून ती सासूबाईंच्या खोलीतून बाथरूममध्ये गेली. त्या बाथरूमला दोन दारं होती. एक सासूबाईंच्या खोलीत उघडायचं आणि दुसरं बाळाच्या खोलीत. या दुसऱ्या दाराचा तिने कधी विचारच केला नव्हता. ते आत्ता अर्धवट उघडं होतं.

आत पाळण्याशेजारी सासूबाई जमिनीवर बसल्या होत्या. मुलगा त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत गाढ झोपला होता. बाहेर चाहूल लागू नये म्हणून त्या अगदी हलक्या हाताने त्याला थोपटत होत्या. सुनेला पाहून त्या चपापल्या.

"रोज?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून." सासूबाई ओशाळल्या. "ऐकवेना गं मला. तुला सांगणारच होते, पण तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, घरातल्या घरात आहे. कुणाचं काय जातंय?"

तिला रागवावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने रागावणार? सासूबाईंनी दळलेल्या आयत्या पिठावर ती एवढे दिवस रेघोट्या ओढत होती, आणि वर लोकांना शिकवत होती. तिच्या मुलाने हाक मारली की कुणीतरी येत होतं. म्हणून तो गप्प होत होता. धाकटीच्या मुलीला दुसरं दारच नव्हतं. तिची आई एकाच दाराबाहेर बसून रडत होती, कारण ताईने तसं सांगितलं होतं. तो बसलेला घसा तिला आता ऐकू येऊ लागला.

ती पुन्हा बाहेरच्या खोलीत येऊन बसली. खरं तर कुणाला कळायचं कारण नव्हतं. सासूबाई जन्मात कुणाला सांगणार नव्हत्या. 'मोबाइलवरच्या बाईंनी पद्धत बदलली आहे' असं काहीतरी ग्रुपवर लिहून मोकळं होता आलं असतं. तेवढं तिने लिहिलंसुद्धा. मग स्वतःचीच किळस येऊन पुसलं. मूठ झाकून ठेवायची तिला इतकी सवय होती की फोन लावायला बराच वेळ गेला. ग्रुपवर काय तोंड दाखवायचं ते नंतर बघू, आधी त्या पोरीला आईने उचलून घेतलं पाहिजे, असं म्हणत तिने शेवटी नंबर लावला.

धाकटीने लगेच उचलला. मागे रडण्याचा आवाज नव्हता.

"ताई, मीच करणार होते तुम्हाला फोन." कितीतरी दिवसांनी धाकटीचा आवाज हसरा होता. "तुमचं ऐकलं, नाही उघडलं दार. आणि जमलं हो. थांबली रडायची."

"झोपली?"

"नाही, जागीच आहे. फटीतून दिसतेय ना मला." धाकटी कौतुकाने कुजबुजली. "आता ती दाराकडे बघतसुद्धा नाही."